कपाळावरच्या आठ्या

चूळ भरली, पण पाणी तोंडात राहीचना. डाव्या ओठातून गळून ते पदरावर आलं. ललिताबाईंनी पुन्हा भरली, पुन्हा तेच. मग त्यांनी न्हाणीतल्या आरशात पाहिलं, आणि तांब्या हातातून सुटला. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटता मिटेना. तांब्याचा आवाज डाव्या कानात नको तेवढा मोठा वाजला.

लकवा! दुसरं काही मनात आलंच नाही. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं, सोमाजींचं, तोंड असंच वाकडं झालं होतं; दुसऱ्या दिवशी उजवा हात, पाय, वाचा, सगळं गेलं. तेव्हापासून ते खाटेवर. सुनेनं भरवलेला घास ते थुंकून टाकत, त्यांना ललिताबाईच लागत.

पदरानं तोंड झाकून त्या खाटेजवळून निघाल्या. सुनेनं, रुपानं, पदर ओढून पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

"आई, चला, आत्ताच भंडाऱ्याले."

"मी पडली तं यायले कोण चारन वं?"

"तुमचा लेक निकेश हाये ना घरी. चला म्हणतो ना!"

सिहोऱ्याहून भंडाऱ्यापर्यंत एसटीत त्या हाताची बोटं एकेक हलवून बघत होत्या. अजून हलत होती. करंगळी जरा जड वाटली की ती पुन्हा पुन्हा दुमडून बघायच्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी हात दाबायला लावला, पाय उचलायला लावला. मग म्हणाल्या, "भुवया वर करा."

उजवी भुवई चढली. डावं कपाळ सारवलेल्या ओट्यासारखं गुळगुळीत राहिलं. रुपानं डोळेच मिटले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या.

"कपाळ हलत नाही ना? मग घाबरू नका. कानामागून चेहऱ्याला जाणारी नस सुजली आहे. गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब घाला, झोपताना डोळा पट्टीनं मिटवा. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत बरं होतं."

"अन् कपाळ हाललं असतं तं?" ललिताबाईंनी विचारलं.

"तर मेंदूतलं असण्याची भीती. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातो, म्हणून एक बाजू बिघडली तरी आठ्या पडतात. असा पेशंट तासा-दोन तासांत इथे आणायला हवा."

"देव पावला आई!" रुपा म्हणाली.

ललिताबाईंचा हात आपल्या कपाळावर गेला. कपाळ दुखत असेल, असं रुपाला वाटलं.

चार वर्षांपूर्वी, सोमाजींचं तोंड वाकडं झालं त्या दिवशी, निकेशनं गाडी आणून दारात उभी केली होती. ललिताबाईंनीच ती परत पाठवली. "काहून घाबरतेस रे? कपाळावर आठ्या पडून राहिल्या ना त्यायच्या! बारीक वारं लागलं, उतरन." आणि दिवसभर सोमाजींच्या गालावर कबुतराचं गरम रक्त चोळत बसल्या होत्या.

घरी आल्यावर त्या ताट घेऊन खाटेशी बसल्या. पदर खाली आला. बायकोचं तोंड बघून सोमाजी घाबरले. घशातून नुसता घरघर आवाज निघाला. कपाळभर आठ्या चढल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ललिताबाईंनी त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला.

"मले काही नाही झालं जी," त्या म्हणाल्या. "माझं कपाळ हालत नाही."

सोमाजींना त्यातलं काय समजलं कोण जाणे. पण तळहाताखालच्या आठ्या हळूहळू सुटल्या, आणि त्यांनी घासासाठी तोंड उघडलं.

ललिताबाईंचा डावा डोळा सकाळपासून वाहत होता. आता उजवाही वाहू लागला.