बंद गॅलरी

काशीनाथ पालव जन्मभर फिटर म्हणून राबले. निवृत्त झाल्यावर लालबाग सोडून नवघरला राहायला आले, तरी मशीनच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. पत्नी मंदाताईंची फुप्फुसं कमजोर झाली, घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. लाइट गेली तर काय, या धास्तीने काशीनाथांनी पेट्रोलवरचा छोटा जनरेटर आणला आणि गॅलरीत ठेवला.

पहिल्यांदा तो सुरू केला तेव्हाच समोरच्या फ्लॅटमधल्या शालूने बेल दाबली होती. "काका, माझ्या नेहाचा अभ्यास चाललाय. केवढा आवाज येतोय!"

काशीनाथ मनातून दुखावले. पुढच्या वेळी त्यांनी गॅलरीच्या काचा सरकवून घट्ट लावून घेतल्या.

मे महिना होता. सकाळी अकरालाच लाइट गेली. जनरेटर धडधडू लागला, मंदाताईंचं यंत्र सुरू झालं, आणि काशीनाथ निर्धास्तपणे पेपर घेऊन बसले. थोड्या वेळाने मंदाताई म्हणाल्या, "अहो, डोकं फार ठणकतंय. मळमळतंय पण."

"उकाडा आहे गं. पाणी पी जरा."

त्यांचंही डोकं जड झालं होतं. पेपरातल्या ओळी एकमेकींवर चढत होत्या. पाणी आणायला उठले तर पायात जोरच नाही. मशीन इतकं छान चाललंय, मग बिघडलंय कुठे, तेच त्यांना उमगेना.

तेवढ्यात बेल वाजली. भिंत धरत जाऊन त्यांनी दार उघडलं. शालू मोबाईल चार्जिंगला लावायला आली होती. आतल्या वासाने ती दारातच थबकली.

"काका, केवढा धूर कोंडलाय! काचा का बंद केल्यात?"

"तुला... आवाज होतो ना," ते अडखळत म्हणाले.

शालूचा चेहरा उतरला. पण तिने वेळ घालवला नाही. पलंगाशेजारचा छोटा ऑक्सिजन सिलिंडर उचलला, मंदाताईंना कवेत घेतलं आणि दोघांना बाहेर पॅसेजमध्ये आणलं. काशीनाथ मशीन बंद करायला वळले, तशी ती ओरडली, "राहू दे ते! आत जायचं नाही!" तिने अँब्युलन्स बोलावली, फायर ब्रिगेडलाही फोन केला. जनरेटर फायर ब्रिगेडच्या लोकांनीच येऊन बंद केला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "धुराचा वास येतो, पण त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. काचा उघड्या असत्या तरी गॅलरीत जनरेटर चालवणं धोक्याचंच. अजून थोडा वेळ गेला असता तर तुम्ही दोघंही हाती लागला नसतात."

दोन दिवसांनी दोघं घरी आल्यावर शालू भेटायला आली. "काका, मी त्या दिवशी आवाजावरून बोलले नसते तर..."

"तुझं काय चुकलं?" काशीनाथ म्हणाले. "मशीन कुठे ठेवायचं, ते मला कळायला हवं होतं. विचारायला हवं होतं कुणाला तरी."

मंदाताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

सोसायटीने परवानगी दिल्यावर जनरेटर खाली गेला, मागच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांच्या खिडक्यांपासून लांब. इलेक्ट्रिशियनने जाड केबल पहिल्या मजल्यावर आणून दिली, पलंगापाशी विषारी वायूचा अलार्मही लावला. पुढे लाइट गेली तेव्हा सगळं नीट चाललं. मंदाताईंना डुलकी लागली. काशीनाथ मात्र खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांची छाती श्वासागणिक वरखाली होताना कितीतरी वेळ बघत राहिले.