भिंतीवरचे बाबा

"काका, पापणी हलवू नका," दिग्दर्शक मॉनिटरमागून ओरडला. "तुम्ही फोटो आहात."

काकांनी पापणी आवरली. कंबर सकाळपासून धरली होती, डोक्यावरचा दिवा टाळू भाजत होता, आणि समोर हाताच्या अंतरावर नायिका त्यांच्याकडे बघून रडत होती. फोटोसमोर रडायचा प्रसंग असला की हीच पद्धत. फोटोच्या काचेत दिवे दिसायचे, शिवाय भिंतीकडे बघून नायिकेला रडूच येत नसे. तिला समोर माणूस लागायचा. मग कॅमेऱ्याच्या शेजारी, फोटोच्या उंचीला येईल असं लाकडी खोकं ठेवून त्यावर काकांना उभं करत. फोटो त्यांचाच होता, तेव्हा दुसऱ्या कुणाला उभं करण्यात अर्थ नव्हता.

"बाबा," नायिका हुंदका देत म्हणाली, "तुम्ही गेलात आणि या घराला कुणी वालीच राहिला नाही हो."

काका गप्प राहिले. मेलेल्या माणसाला संवाद नसतात.

खरं तर काकांचं काम सामान सांभाळायचं. आजच्या प्रसंगात कपबशी फुटायची असेल तर जादाच्या कपबश्या आणून ठेवायच्या, कालच्या भागात फुलदाणी डावीकडे होती तर आजही ती डावीकडेच राहील हे बघायचं, आणि कुणी सोफ्यावर बिस्किटं खाल्ली तर भुगा झाडायचा. आयुष्य याच धंद्यात गेलं होतं. पडद्यावर आपण कधी येऊ असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आले ते मरूनच आले.

त्याचं असं झालं. त्या वर्षाच्या सुरुवातीला एकाच आठवड्यात तीन नव्या मालिका सुरू झाल्या. एक इस्पितळातली, तिच्यात हेलिकॉप्टर होतं. दुसरी दोन श्रीमंत घराण्यांच्या वैराची, तिच्या नुसत्या जाहिरातींनी रस्ते भरले होते. तिसरी ही. बाप गेल्यावर थोरली मुलगी घर कसं सावरते याची. हिच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. दोन महिन्यांत गाशा गुंडाळावा लागणार असं दिग्दर्शक स्वतःच सांगत फिरत होता. मेलेल्या बापाच्या फोटोसाठी एक जुना नट ठरला होता. ऐन वेळी त्याने नकार कळवला. या वयात जिवंतपणी भिंतीवर लटकायची आपली तयारी नाही म्हणाला. दिवे लागलेले, नायिका रंगरंगोटी करून बसलेली, आणि भिंत रिकामी. दिग्दर्शक केस उपटत असताना त्याची नजर काकांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेली.

"हा कुणाचा फोटो?"

"माझाच, साहेब. जुना आहे."

"चेहऱ्यावर काहीच नाही. उत्तम. मोठा करून आणा."

काका स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, फोटो मोठा करून आणला, चौकटीत बसवला, भिंतीत खिळा ठोकला आणि स्वतःला टांगून स्टुलावरून खाली उतरले. खाली उभ्या असलेल्या दिवेवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. "स्वर्गवासी," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "चहा घेणार का?" त्या दिवसापासून सेटवर काकांचं नाव स्वर्गवासी पडलं. काकाही सगळ्यांबरोबर हसले. हसण्यावारी नेलं की गोष्ट मिटते, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

घरी आल्यावर मात्र त्यांना हसू आलं नाही. कारण बाप मेल्याची बातमी त्यांनी स्वतःच एकदा दिली होती.

त्यांच्या मुलीने एका बायको गेलेल्या माणसाशी लग्न ठरवलं होतं. माणूस सरळ होता, नोकरीला होता, पण त्याला एक तान्ही मुलगी होती. काका चिडले. "दुसऱ्याचं पोर सांभाळायला का मी तुला वाढवली?" असं काहीबाही बोलले, आणि बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "त्या घरात गेलीस तर तुझा बाप मेला असं समज." रागाच्या भरात माणसं असलं बोलतात आणि संध्याकाळी एकाच पंगतीत जेवायला बसतात. पण मध्ये पडून समजूत घालायला काकू राहिल्या नव्हत्या, आणि मुलगी बापावर गेलेली. ती "बरं" म्हणाली आणि बॅग उचलून निघाली. तेव्हापासून पाच-सहा वर्षं गेली. काकांची बहीण दोघांकडे जाऊन-येऊन असायची. मुलीचा फोन नंबर तिने काकांना तोंडी सांगून ठेवला होता. काकांनी तो कधी लावला नाही, पण पाठ होता.

मालिका गाशा गुंडाळेना. उलट हेलिकॉप्टर जमिनीवर आलं, श्रीमंत घराण्यांचं वैर लोकांना कंटाळवाणं वाटलं, आणि फोटोसमोर रडणारी थोरली मुलगी घराघरांत जाऊन बसली. भाजीवाली काकांना थांबवून म्हणायची, "तुम्ही गेलात ते बरं नाही झालं हो. पोरीचे हाल बघवत नाहीत." बसमध्ये शेजारचा माणूस आधी निरखून बघायचा आणि मग जरा सरकून बसायचा.

आणि घरी फोन यायला लागले.

मालिका साडेआठला संपायची. ज्या दिवशी फोटोचा प्रसंग असे, त्या दिवशी तिचं शेवटचं संगीत वाजत असतानाच काकांच्या घरचा फोन खणखणायचा. काका उचलायचे. पलीकडे कुणी बोलत नसे. फक्त तेच संगीत तिकडच्या टीव्हीवर वाजत असलेलं ऐकू यायचं, आणि मग फोन ठेवला जायचा. पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. मग क्रिकेटच्या मोठ्या चषकाचे सामने सुरू झाले. सगळ्या देशाने कामधंदा सोडून टीव्हीसमोर ठाण मांडलं, मालिका पंधरवडाभर बंद ठेवल्या, आणि त्या पंधरवड्यात फोन आला नाही. चषक कुणी जिंकला हे काकांना दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडून कळलं. मालिका पुन्हा सुरू झाली त्या संध्याकाळी ते फोनशेजारीच बसले होते. फोन आला. संगीताच्या आवाजातून एका लहान मुलीचा आवाज आला, "आजोबा आज थोडाच वेळ आले." कुणीतरी घाईने "शू" केलं आणि फोन ठेवला.

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. त्या घरात त्यांना आजोबा म्हणत होते. ज्या पोरीला ते दुसऱ्याचं पोर म्हणाले होते, तीच म्हणत होती.

फोनवर बोलावं असं त्यांना दर वेळी वाटायचं. पण आपण तोंड उघडलं आणि तिने फोन करणंच थांबवलं तर, या धास्तीने ते गप्प राहायचे. मेलेल्या बापाला ती फोन करत होती. जिवंत बाप तिला चालेल की नाही, कोण सांगणार?

पुढच्याच आठवड्यात सेटवर घोटाळा झाला. प्रसंग नेहमीचाच होता. काका खोक्यावर, दिवा डोक्यावर, नायिका समोर. त्या दिवशी तिला रडू फार खरं येत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "इतकं करूनही सगळे मलाच बोलतात. मी चुकले का हो?"

"नाही गं," काका म्हणाले. "मीच चुकलो."

 दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. "कट! काका, तुम्ही मेलेले आहात. माझ्यावर मेहरबानी करा आणि मेलेलेच राहा." सगळे खो खो हसले. दिवेवाल्याला तर शिडी धरून बसावं लागलं. काका खोक्यावरून उतरले, "चुकलं, साहेब" म्हणाले आणि पुन्हा चढले.

चहाच्या सुट्टीत नायिका त्यांच्या शेजारी येऊन बसली. ती पंचविशीची असेल. एरवी ती कामापुरतंच बोलायची, तिलाही सकाळी सातपासून रडायचं असे.

"काका, मघाशी कुणाला म्हणालात?"

"तंद्री लागली हो. वय झालं."

"मला नव्हतं म्हणालात." तिने कपावर फुंकर घातली. "मुलगी आहे का तुम्हाला?"

"आहे."

"बोलते?"

"फोन करते. मी उचलतो."

"मग?"

"मग ती ठेवते."

 चहा संपल्यावर नायिकेने काकांचा कपही उचलून नेला.

वर्ष उतरणीला लागलं तसे दिवस फिरले. दुसऱ्या वाहिनीवर बरोबर आठ वाजता प्रश्नोत्तरांचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. बक्षीस एवढं मोठं की सगळी माणसं तिकडे वळली. त्याच सुमारास कित्येक वर्षं चाललेली एक म्हातारी मालिकाही बंद पडली. तिच्या शेवटच्या भागाला लोक रडले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्नोत्तरं बघू लागले. सेटवर सगळ्यांचे चेहरे उतरले. बैठकांवर बैठका झाल्या आणि शेवटी लेखकाने तोडगा काढला. बाप मेलाच नव्हता. अपघातात वाचला होता, स्मृती गेली होती, आता परत येणार. भूमिकेसाठी सिनेमातला एक मोठा नट मिळाला. वर्षातली टीव्हीवरची सगळ्यात मोठी घटना, असं वर्तमानपत्रांनी घटना घडायच्या आधीच छापून टाकलं.

दिग्दर्शकाने काकांना बोलावून घेतलं. तोही थकलेला दिसत होता. "काका, उद्या भिंतीवरचा फोटो बदलायचा. नव्या साहेबांचा लावा. तीच चौकट चालेल."

काकांनी इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "साहेब, नवे साहेब येईपर्यंत माझाच राहू द्या की. थोडे दिवस."

"लोकांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला नको का?"

"लोक विचारतील, आधीचा कुठे गेला म्हणून."

"फोटोकडे कोण बघतं, काका?" दिग्दर्शक दुखवायचं म्हणून बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

कोण बघतं ते काकांना ठाऊक होतं. पण ते दिग्दर्शकाला सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल लावलं, चौकट खाली उतरवली, मागचे छोटे खिळे एक एक करून उपसले आणि आपला फोटो बाहेर काढून मोठ्या नटाचा बसवला. काच पुसली. चौकट पुन्हा टांगून ती वाकडी तर नाही ना हे लांब जाऊन बघितलं. थोडी वाकडी होती, ती सरळ केली. दिवेवाला शिडीवरून बघत होता. "स्वर्गवासी" म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं असावं, पण तो म्हणाला, "काका, चहा आणू का?"

"नको," काका म्हणाले.

फोटोची गुंडाळी करून त्यांनी पिशवीत टाकली. बसमध्ये शेजारचा माणूस सरकला नाही.

तो भाग वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात दाखवला गेला. काका लवकर घरी आले, हातपाय धुतले आणि टीव्ही लावून फोनशेजारच्या खुर्चीत बसले. फोटोचा प्रसंग आला. नायिका भिंतीकडे गेली आणि परक्या माणसाच्या फोटोकडे बघून "बाबा" म्हणाली. ती नीट रडली, तिचं काही चुकलं नाही.  पहिल्यांदा काका स्वतः म्हणाले होते म्हणून मेले होते. या वेळी त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटचं संगीत वाजलं आणि संपलं. जाहिराती लागल्या. फोन वाजला नाही.

काकांनी टीव्ही बंद केला. पिशवीतली गुंडाळी काढून टेबलावर उलगडली, ती पुन्हा पुन्हा वळत होती म्हणून तिच्या एका टोकावर चष्म्याचं घर ठेवलं. आता कशासाठी येईल फोन? मेलेला बाप होता तेवढाही आता राहिला नव्हता. त्यांना फार दमल्यासारखं वाटलं, खोक्यावर दिवसभर उभं राहूनही वाटलं नव्हतं तितकं. मग त्यांनी रिसीव्हर उचलला आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

दोनदा वाजून फोन उचलला गेला. पलीकडे टीव्ही चालूच होता. प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमातल्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"हॅलो?" मुलगी म्हणाली.

 काका सेटवर चुकीच्या माणसापुढे किती सहज बोलून गेले होते. आता जीभ हलेना. ते नुसते श्वास घेत राहिले. पलीकडे लहान मुलगी विचारत होती, "आई, पण आजोबांचा फोटो भिंतीवरून कुणी काढला?"

"हॅलो, कोण आहे?" मुलीने पुन्हा विचारलं, आणि मग तीही गप्प झाली. ही शांतता तिच्या ओळखीची होती. वर्षभर तिनेच ती पाळली होती.

"थांबा," ती म्हणाली. "टीव्ही बंद करते."

पावलं लांब गेली. टाळ्या तिथेच तुटल्या. पावलं परत आली, खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. त्या वर्षात पहिल्यांदाच फोनमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता.

"हं," ती म्हणाली. "बोला, बाबा."