बोगुशाची फुंकर

मित्रांनो, मी एक जुनी मेणबत्ती आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी गोड बोलता बोलता मध्येच का कडाडली, असे तुम्हाला वाटायला नको. मोठ्या माणसांना सांगून पाहिले. ती माझ्यासमोर गुडघे टेकतात, पण माझे ऐकत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते.

माणसे म्हातारी झाली की वाकतात, आम्ही बुटक्या होतो. एके काळी मी हातभर उंच होते. आता अंगठ्याएवढी उरले आहे. माझे मेण माझी मालकीण गेनोव्हेफा हिच्या वडिलांच्या मधाच्या पोळ्यांतले. तिच्या आईने ते चुलीजवळ ऊब देऊन मऊ केले, अंबाडीच्या दोऱ्याची वात आत ठेवली आणि मला पाटावर दोन्ही तळहातांनी वळले. त्या तळहातांच्या रेषा कितीतरी वर्षे माझ्या अंगावर होत्या. लग्न होऊन गेनोव्हेफा नारेव नदीच्या या काठाला आली, तेव्हा तिच्या पेटीत चादरींच्या घडीत मी होते.

आमच्याकडे मला ग्रोम्नित्सा म्हणतात, म्हणजे गडगडाटाची मेणबत्ती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मारियेने बाळ येशूला मंदिरात नेले त्या सणाला, सगळे धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालची सगळी गावे, मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये येते. फादर पवित्र पाणी शिंपडतात. मग बायका आम्हाला पेटत्या ठेवूनच घरी निघतात. बर्फावरून, वाऱ्यातून, शालीआड धरून. घरी पोचले की माझ्या काजळीने आढ्याच्या तुळईवर क्रूस काढायचा. उन्हाळ्यात वीज कडाडली की मला खिडकीत लावायचे. आणि माणूस जायला निघाले की मला त्याच्या हातात द्यायचे, म्हणजे पुढच्या वाटेवर त्याला अंधार लागत नाही.

आणखी एक रीत आहे. मला तोंडाने फुंकून विझवायचे नाही. बोटे ओली करून चिमटीत वात दाबायची. देवासमोर पेटलेल्या ज्योतीवर माणसाची उष्टी फुंकर नको, असे आमच्या बायका मानतात.

मरणाऱ्याच्या हातात जाण्याचा मला अभिमान होता. हे खोटे नाही. गेनोव्हेफाचे सासरे, कोन्स्तान्ती आजोबा, पिकलेले पान होते. त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, घोड्याला ओट किती घालायचे तेही सांगितले, आणि मग मला हातात घेतले. माझे मेण त्यांच्या मनगटावर ओघळले, तेव्हा डोळे न उघडता ते म्हणाले, "आपोलोनिया, शर्टाची बाही खराब झाली गं. आता धुवायला लावशील की तसाच पाठवशील?" त्यांची बायको, आपोलोनिया आजी, रडता रडता हसली. असे मरण उजळणे हे माझे काम. ते मी मान ताठ ठेवून केले.

पण पुढे त्याच घरात आपोलोनिया आजीच्याच हातांनी माझा अपमान झाला.

गेनोव्हेफा आणि तिचा नवरा झेनोन यांना मुलगी झाली. बोगुशा. डोळे जरा तिरपे, मान गुबगुबीत, जीभ थोडी बाहेर. सुईणीने तिला आजीच्या हातात दिले आणि हात धुतले. आजीने विचारले, "अशीच राहणार?" सुईण म्हणाली, "अशी मुलं राहत नाहीत."

त्या एका वाक्यावर सगळे गाव बसून राहिले, मित्रांनो! पोरगी चालायला लागली, कोंबड्यांमागे धावायला लागली, बीटरूटचे सूप वाडगा चाटून संपवायला लागली, तरी गाव म्हणायचे, अशी मुले राहत नाहीत. तिला नवे बूट घ्यायची वेळ आली की आजी म्हणायची, "कशाला? राहतेय किती दिवस?" मिस्सेला, चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, गेनोव्हेफा तिला घेऊन गेली की पुढच्या बाकावरची पेलागिया वळून बघायची. पेलागिया म्हणजे आमच्या गावची प्रार्थना म्हणणारी. मरणाऱ्याच्या उशाशी बसून पुस्तकातून वाचायचा मान तिचा. बोगुशा सगळे गप्प असताना मोठ्याने गायची. मग पेलागिया तिचे गाल कुरवाळून म्हणायची, "देवाचं फूल आहे हो हे!" आणि आपला कोट जरा आपल्याकडे ओढून घ्यायची. एकदा फादर माणसाच्या जिवाची किंमत सांगत होते. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, एकूण एक माणूस. पेलागियाने सगळ्यांत आधी मान डोलावली.

बोगुशा शाळेच्या वयाची झाली त्या हिवाळ्यात आजारी पडली. छातीत कफ भरला, अंग तव्यासारखे तापले. गेनोव्हेफा तिच्या छातीला हंसाची चरबी चोळत होती, कांद्याचा काढा पाजत होती. सकाळी ती झेनोनला म्हणाली, "स्लेजला घोडा जोड. शहरात दवाखान्यात नेऊ."

झेनोन कोट घालायला लागला. आजी दारात उभी राहिली.

"या गारठ्यात? वाटेतच जाईल पोर."

"आई, इथे राहिली तरी..."

"इथे राहिली तर घरात जाईल. प्रार्थनेत जाईल. हातात मेणबत्ती घेऊन जाईल. वाटेत गेली तर लोक काय म्हणतील? कुत्र्यासारखी रस्त्यावर मारली म्हणतील. देव नेतोय तर नेऊ दे रे. तिचे पण हाल संपतील, तिच्या आईचे, गेनाचे पण."

झेनोन वाईट माणूस नव्हता. पण आईसमोर त्याचे गुडघे लोण्याचे. त्याने कोट काढून खुंटीला टांगला. आजही मला त्या खुंटीचा राग येतो.

पेलागियाला बोलावणे गेले. ती प्रार्थनेचे पुस्तक बगलेत मारून हजर. तिने आपल्या नातवाकरवी फादरांकडे निरोप धाडला, तोही परस्पर. गेनोव्हेफा विहिरीवर पाणी आणायला गेली होती. तेवढ्यात आजीने तिची पेटी उघडली. माझ्या मालकिणीला न विचारता मला बाहेर काढले. काडी ओढली.

मला ओरडावेसे वाटत होते. मी गडगडाटाची मेणबत्ती ना? पण माझ्याकडे तोंड नाही, नुसती वात आहे, आणि वात कोणी पेटवली तरी पेटते.

बोगुशाची बोटे मऊ आणि गरम होती. दोघींनी ती माझ्याभोवती आवळली आणि वरून आजीने आपला हात ठेवला. पेलागिया वाचायला लागली, "निघ, हे ख्रिस्ती आत्म्या, या जगातून निघ..." त्या पोरीचे ओठ सुकून तडकले होते. तिला कोणी घोटभर पाणी पाजले नव्हते. मी पेटवलेली असली की पाण्याची आठवण कोणाला येत नाही. माझ्या उजेडात माणसे इतकी आंधळी होतात.

दार उघडले. गेनोव्हेफा बादली घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिने मला पाहिले. माझ्याखाली आपल्या पोरीचा हात पाहिला. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बोगुशाने डोळे उघडले.

तिला समोर ज्योत दिसली. गाल फुगले. फू!

मी वाकले. सावरले. तिने पुन्हा श्वास गोळा केला, छातीत घरघर झाली, आणि फू! मी विझले.

"अगं बाई!" पेलागियाच्या हातातून पुस्तक निसटले. "फुंकली! पवित्र ज्योत तोंडानं फुंकली! आपोलोनिया, पेटव, पेटव पुन्हा, अंधारात जाईल ती!"

आजीने दुसरी काडी ओढली. मी पेटले. बोगुशाला वाटले, खेळच चालला आहे. तिने परत गाल फुगवले. मी परत विझले, आणि सांगते मित्रांनो, इतक्या आनंदाने मी कधीच विझले नव्हते. पोरगी हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

"हात धर तिचा! तोंड दुसरीकडे कर!" पेलागिया म्हणाली.

गेनोव्हेफाने बादली खाली ठेवली. खोली ओलांडून आली आणि मला पोरीच्या हातातून काढून घेतले.

"काकू, मरणारं माणूस फुंकर मारतं का हो?"

"गेना, ती अजाण आहे. तिला काय कळतंय?"

"तिला सगळ्यांत जास्त कळतंय. ही मेणबत्ती नको, म्हणते आहे ती." मग नवऱ्याकडे वळून, "झेनोन, घोडा जोड."

झेनोन आईकडे बघायला लागला.

"तिकडे काय बघतोस? आई काय घोडा आहे? जोड म्हणते ना! नाहीतर मी स्वतः जुंपून घेते आणि ओढते. गाव बघू दे मग, कुत्र्यासारखं कोणाला वागवलं ते!"

आजी दारात यायला गेली. गेनोव्हेफाने मला आपल्या कोटाच्या खिशात टाकले आणि शांतपणे म्हणाली, "मेणबत्ती माझ्याजवळ आहे, आई. वाटेत वेळ आलीच तर मी लावीन. आता सरका."

आजी सरकली.

अशी मी त्या प्रवासात होते. खिशात पावाचे तुकडे, एक रुमाल आणि मी. पिसांच्या दुलईत गुंडाळलेली पोरगी मांडीवर. जंगलाच्या कडेने रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना चर. तिथे समोरून घंटा ऐकू आली. फादर येत होते, शेजारी चर्चचा सेवेकरी घंटा वाजवत. फादर पवित्र भाकर घेऊन आजाऱ्याकडे निघाले की आमच्याकडे जो जिथे असेल तिथे खाली उतरून बर्फात गुडघे टेकतो. झेनोनने लगाम खेचला आणि पाय बाहेर टाकला.

"उतरलास तर बघ!" गेनोव्हेफा म्हणाली.

दोन्ही स्लेज समोरासमोर थांबल्या. फादरांनी टोपी वर केली. "कोण, झेनोन? अरे, मी तुमच्याकडेच निघालोय. पोरगी गेली असा निरोप आला, तरी तेल आणि भाकर घेऊन निघालो."

"कोणी दिला?"

"पेलागियाबाईंकडून आला."

ऐकलेत? अजून श्वास चालू होता आणि तिला मेलेली करून टाकली होती! दुलईतून बोगुशा खोकली. फादर खाली उतरले, दुलईचे टोक उचलून बघितले. त्यांचा चेहरा थंडीने आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला. त्यांनी तेलाची डबी काढून तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले.

"फादर, हे तेल म्हणजे शेवटचं ना?" झेनोनने रडक्या आवाजात विचारले.

"कोणी शिकवलं तुला? हे बरं होण्यासाठी आहे. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करतो आणि तुम्ही त्याला मरणाचा शिक्का करून ठेवलाय!" ते सेवेकऱ्यावर ओरडले, "घोडा चरात घाल."

"फादर, रुतू आपण!"

"रुतू दे! यांना वाट दे!"

फादरांची स्लेज चरात कलली आणि आम्ही पुढे गेलो.

शहरातले लोक शिकलेले होते, तिथे तरी बरे असेल असे मला वाटले होते. दवाखान्यात एका परिचारिकेने पोरीचे तोंड पाहिले आणि खालच्या आवाजात विचारले, "ही जन्मापासूनच अशी? मग उगाच सुया टोचून हाल कशाला, बाई?" तिच्याकडे मेणबत्ती नव्हती, एवढाच फरक.

गेनोव्हेफा म्हणाली, "तिचं नाव बोगुस्वावा आहे. तुम्ही छाती तपासा. तोंड मी बघते."

तपासली. औषधे दिली. बर्फ वितळून नारेवचे पाणी कुरणांवर पसरले, तेव्हा बोगुशा घरी आली. आल्या आल्या कोंबड्यांमागे धावली. फादरांनी त्या रविवारी मोजकेच सांगितले. "या धर्मग्रामात मेणबत्ती डॉक्टरच्या आधी पेटते. तिने देवाचा सन्मान होत नाही, त्याच्या तोंडावर काजळी बसते." या वेळी पेलागियाने मान डोलावली नाही.

पुढच्या सणाला गेनोव्हेफाने मलाच चर्चमध्ये नेले. मी काळवंडलेली, ओघळलेली. पेलागियाने पाहिले.

"गेना, ही तीच ना? उष्टी झालेली? नवी आण गं. ही चालत नाही."

"उष्टी आहे ना काकू, मग आमच्याच घरी राहू दे. तुमच्या घरातून कोणाला लवकर धाडायचं असेल तर तुमची तुम्ही वापरा."

आजूबाजूच्या बायका शालीत तोंड लपवून हसल्या. गेनोव्हेफाने मला बोगुशाच्या हातात दिले आणि बोगुशा मला घेऊन मिरवणुकीत चालली, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात.

आपोलोनिया आजीने पुढे दुधाची साय बोगुशासाठी काढून ठेवायला सुरुवात केली. गावाने म्हटले, बघा, म्हातारी बदलली. असेल. मी मेणाची आहे, पण या बाबतीत मी अजून विरघळलेले नाही.

हल्ली बोगुशासारखी मुले आमच्या चर्चच्या बाकांवर दिसत नाहीत. ती का दिसत नाहीत, हे कोणी कोणाला विचारत नाही. पूर्वी मला हातात द्यायला निदान पोर जन्माला येण्याची वाट बघायचे.

आता गेनोव्हेफा म्हातारी झाली आहे. गेल्या हिवाळ्यात पडली, कंबरेचे हाड मोडले, तेव्हापासून अंथरुणाला खिळली आहे. बोगुशाचे केस पांढरे झाले आहेत. तीच आईला उठवून बसवते, तीच भरवते, घास लांबला तर दटावते. परवा शहरातून भाची आली. चांगले कपडे, चांगले बोलणे. मावशीकडे बघून तिने डोळे पुसले. "किती हाल गं हे. देवानं सोडवावं आता." आणि कपाटाचा खण ओढला. माझ्या अंगावर उजेड पडला.

बोगुशा हातातला चमचा न ठेवता उठली. कमरेने धक्का देऊन खण बंद केला. भाचीची बोटे चेंगरता चेंगरता वाचली.

"आई जेवतेय," ती म्हणाली.

मित्रांनो, खणाच्या अंधारात पडून मी एवढेच सांगते. माझ्यात एकाच मरणापुरते मेण उरले आहे. वेळ खरोखर येईल तेव्हा मी नीट जळेन, थरथरणार नाही. पण तोवर कोणी आजारी, कोणी म्हातारे, कोणी वेगळे दिसले म्हणून माझ्या खणाला हात लावू नका. आधी पाणी द्या. आधी डॉक्टर बोलवा. आधी त्याला नावाने हाक मारा आणि ओ येते का ते ऐका. मी मरणाऱ्यांसाठी आहे. जगणाऱ्या माणसाच्या हातात मला देऊ नका.