टाकीचं झाकण

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात मी एका ड्रायव्हरवर जळत होतो.

निवृत्तीनंतर एका संस्थेनं मला विज्ञानाची फिरती शाळा दिली होती. डिझेलवर चालणारी मोठी व्हॅन, आत प्रयोगांचं साहित्य, एक स्टोव्ह आणि झोपायला दोन फळ्या. सातारा-सांगलीची गावं करत आम्ही दोघं महिनोन्महिने त्या गाडीतच राहायचो. दुसरा म्हणजे लालासाहेब. फौजेतून आलेला ड्रायव्हर, मेकॅनिकही तोच.

लोणंद सोडल्यापासून गाडीचं काहीतरी बिघडलं. वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालायची, मग चढावर तिची ताकदच जायची. बंद पडता पडता ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकायचा. अर्धा तास थांबलं की पुन्हा ठणठणीत. लालासाहेबानं ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला, तरी दिवा लागायचा तो लागायचाच.

मला गाडीची काळजी वाटायला हवी होती. पण गाडी थांबली की गावातली पोरं धावत यायची ती थेट बॉनेटकडे. मी टेबलावर भिंगं मांडून नुसता बसलेला. डिझेलच्या नळीतली हवा काढायला लालासाहेब त्यांना फिल्टरवरचा छोटा पंप दाबायला द्यायचा. "हळू रं गड्या, बुडबुडं संपंस्तवर दाब." पोरं श्वास रोखून बघत. चाळीस वर्षं शिकवलं, पण माझ्या वर्गात अशी शांतता मी क्वचितच अनुभवली होती.

कोरेगावजवळच्या शाळेत मी बाटलीचा प्रयोग दाखवत होतो. झाकणाला दोन भोकं. बाटली उपडी केली की एकातून पाणी पडतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. हवेचं भोक बोटानं दाबलं की धार अडखळत थांबते. समोर सातच मुलं होती. बाकीची बॉनेटपाशी.

"बोट काढल्यावर?" शिवांजली नावाच्या मुलीनं विचारलं.

"परत सुरू."

"मंग तुमच्या गाडीसारखंच की, गुरुजी."

मी बाटली खाली ठेवली. टाकीतलं डिझेल कमी होतं, त्या जागी हवा यायला नको? ती आलीच नाही तर डिझेल पुढे सरकणार नाही, इंजिन गुदमरणार, ऑइलचा दाब पडणार. थांबलं की फटींतून थोडी हवा झिरपणार, गाडी तेवढ्यापुरती परत सुरू. दिवा खोटं बोलत नव्हता, दुखणं मात्र दुसरीकडे होतं. आणि हे लालासाहेबाला सुचलं नव्हतं.

"सगळे टाकीपाशी या," मी हाक मारली. "लालासाहेब, तुम्हीही या. शिकण्यासारखं आहे."

झाकण काढताना आत हवा ओढल्याचा आवाज झाला. मी ते उलटं केलं. जाड रबरी वायसर, आणि हवेला भोक कुठंच नाही.

तेव्हा मला आठवलं. जुनं झाकण लालासाहेबानं लोणंदला हरवलं होतं. हे किल्लीचं, चकचकीत झाकण बाजारातून मीच आणलं होतं, आणि चार दिवस त्याला टोमणे मारले होते.

"कुणी बसवलं वो हे?" एका पोरानं विचारलं.

"मी," लालासाहेब म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तिथंच विषय संपला असता. पोरं कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

"आणलं मी," मी म्हणालो. "भोक आहे का, ते बघितलं नाही."

"गुरुजी असून?"

"गुरुजी असून."

पोरं खिदळली. "आन् फौजेत सोळा वर्सं काढून मी बी न्हाई बघितलं," लालासाहेब म्हणाला. "दोघान्ला बी अंगठं धरायला लावा."

त्यानं हाताचं ड्रिल आणून माझ्यापुढे धरलं. "भोक तुमी पाडा, गुरुजी."

मी प्रयत्न केला. टोक दोनदा घसरलं, झाकणावर ओरखडे उठले. पोरांची नजर एकेक करून त्याच्याकडे वळली. मत्सर गेला नव्हता. पण टोक घसरू नये म्हणून तो काय करतो, ते मलाही बघायचं होतं. ड्रिल त्याच्या हातात देऊन मी पोरांमध्ये जाऊन बसलो.

"लालासाहेब, जरा इकडं वळून करा," मी म्हणालो. "मागच्यांना दिसत नाही."