बायनाबाईंच्या आवाजाचा परवाना

राजुऱ्यात बायनाबाईंचं गाणं ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, नाहीतर कुणाच्या घरचं नामकरण. बाई उभ्या राहिल्या की माइकवाला न सांगता आवाज कमी करायचा. अशा बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला आणि आवाज गेला. बोलणं राहिलं, तेही लाकडावर रंधा मारल्यासारखं. नागपूरच्या डॉक्टरांनी हसून सांगितलं, "गाणं सोडून बाकी सगळं करू शकता." जसं काही बाकी सगळं करायलाच त्या जन्माला आल्या होत्या.

तरुणपणी नागपूरच्या एका कंपनीनं त्यांची कॅसेट काढली होती. घरातली प्रत लोकांनी इतक्या प्रेमानं मागून नेली, की शेवटी कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरनं तिची फीत चावून खाल्ली. पुढे ती कंपनी मुंबईच्या दुसऱ्या कंपनीनं गिळली. कोण कुणाला खातंय याचा राजुऱ्याला पत्ता नव्हता. मग दोन हजार सातच्या उन्हाळ्याआधी मुलाचा, विक्कीचा पुण्याहून फोन आला. "आई, तुझे गाने इंटरनेटवर विकाले हायत!"

वामनराव, म्हणजे बाईंचे यजमान, कोळसा खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. नियम त्यांच्या अंगात हळदीसारखे मुरलेले. बाजारात नकली सीड्या भाजीच्या भावानं मिळत होत्या तेव्हाही त्यांनी घरात एक येऊ दिली नव्हती. "आपन ओरिजिनल घेऊ," ते म्हणाले. "रीतसर."

रीतसर घ्यायला दोघं बसस्टँडजवळच्या जहीरच्या इंटरनेट कॅफेत गेले. विक्कीनं फोनवरून कार्डाचा नंबर सांगितला आणि तीन नंबरच्या केबिनमध्ये, गुटख्याच्या पिचकाऱ्यांच्या साक्षीनं, बायनाबाईंचा आवाज उतरला. बाईंनी हेडफोन कानाला लावला. पहिला आलाप आला आणि त्यांनी डोळे मिटले. वामनराव शेजारी उभे राहून विचारत होते, "येऊन राह्यला का? बरोबर येऊन राह्यला का?" बाईंनी नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं.

जहीरनं गाण्यांच्या फाइली होत्या तशाच सीडीवर टाकून दिल्या. घरी वामनरावांनी ती विक्कीच्या जुन्या, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये घातली, तर पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. पुन्हा घातली, पुन्हा चौकट. जहीरला बोलावलं. त्यानं वाचलं आणि डोकं खाजवलं.

"बाई, हे म्हनते का तुमाले हे गानं आयकाची परवानगी नाई."

"मले?" बायनाबाई म्हणाल्या. "माहं गानं?"

"लायसन त्या कॅफेवाल्या मशीनचं हाय. गानं इकतच घेतलं, पन त्या मशीनपुरतं."

म्हणजे हिशोब असा. गाणं बाईंचं, चाल बाईंची, कार्ड पोराचं आणि ऐकायचा हक्क तीन नंबरच्या केबिनला! वामनरावांनाही हे जरा जड गेलं, पण नियम तो नियम. त्यांनी बायकोला रोज दुपारी कॅफेत नेऊन बसवायला सुरुवात केली. बाजूच्या केबिनमध्ये पोरं मोटरसायकली उडवायचा खेळ खेळत, आणि मध्ये पदर डोक्यावर घेऊन बायनाबाई स्वतःला ऐकत. जहीर पैसे घेत नसे. उलट, "बाईसाठी तीन नंबर रिकामा करा बे!" असं ओरडून पोरांना हाकलत असे.

अशानंच दिवस गेले असते, पण त्या केबिनमधल्या मशीनला व्हायरस लागला. जहीरनं ते पुसून नवं केलं आणि गाणी सीडीवरून परत भरली, पण परवाना पुसला गेला तो गेलाच. बाई नेहमीप्रमाणे येऊन बसल्या तर त्यांच्यासमोर तीच चौकट.

वामनरावांनी तिथूनच कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलानं अतिशय गोड आवाजात, आधी अर्धा तास सतार ऐकवून, त्यांची अडचण समजून घेतली.

"सर, मशीन बदललं असं सिस्टीम दाखवतेय."

"अहो, बदललं नाई. धुतलं फक्त."

"सिस्टीमला ते नवीनच वाटतं, सर."

बाईंनी फोन ओढून घेतला. "बाबू, मीच गाऊन राह्यली त्याच्यात. शेवटच्या कडव्यात 'बायनाबाई म्हंते' असं येते ना, ते मी."

तिकडे कीबोर्ड टकटकला. मग मुलगा म्हणाला, "मॅडम, आपण गायिका आहात हे ऐकून आनंद झाला. पण गायिकेसाठी आमच्याकडे वेगळा पर्याय नाही. आपण ग्राहक म्हणूनच बोला." पुढे त्यानं फार मोठी मेहरबानी केल्यासारखा परवाना एकवार परत दिला आणि बजावलं, की पुन्हा मिळणार नाही.

बायनाबाईंनी फोन ठेवला. आवाज एकदा डॉक्टरांनी नेला, तेव्हा रडू आलं होतं. आता आला तो संताप.

"जहीर," त्या म्हणाल्या, "याले काही इलाज?"

जहीरनं खुर्ची पुढे ओढली. "हाय ना. कंपनीच गान्याची साधी सीडी बनवू देते, टेपरेकॉर्डरवर वाजते तशी. त्या सीडीले कुलूप नसते. तेच सीडी परत कॉम्प्युटरमंधी टाकाची आन् एमपीथ्री करून घ्याची. मंग कुठीबी वाजवा."

"म्हंजे पुढच्या दाराले हे मोठं कुलूप," बाई म्हणाल्या, "आन् मागचं दार उघडं?"

"उघडंच. पाटीबी लावली हाय का इकून या."

वामनराव मात्र अडले. "पन हे चोरीत बसते काय? कायद्यानं पाहाले पायजे."

"कोनाची चोरी?" बाईंचा रंधा खरखरला. "माह्या गळ्यातलं निघालं. तुमच्या पोराच्या पैशानं घेतलं. आता मी कोनाच्या घरात शिरून राह्यली, सांगा!"

वामनरावांनी खिशातले सुटे पैसे चाचपले. मग म्हणाले, "मी जरा बाहेर च्या घेऊन येतो. तुमी काय करता ते मले दिसू नोका देऊ." कायद्याचा मान त्यांनी असा राखला.

जहीरनं माउस बाईंच्या हाती दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. बाईंनी बटण दाबलं. सीडी बनली, मग तिची एमपीथ्री झाली. त्या प्रवासात आवाज थोडा बारीक झाला, तबला पत्र्यावर वाजल्यासारखा लागायला लागला. जहीरला वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, "माह्या आताच्या आवाजापेक्षा लय बरा हाय."

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते गाणं भल्यामोठ्या भोंग्यांवर वाजलं. बायनाबाई पांढरं लुगडं नेसून गाडीमागून चालत होत्या, ओठ हलवत, आवाज न काढता. वामनराव पुढे होते. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "ओरिजिनल घेतलं होतं बरं का, ओरिजिनल."

संध्याकाळपर्यंत गाणं ब्लूटूथनं मोबाइलमध्ये शिरलं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पार दूर सिरोंच्याच्या कुणा जीपवाल्याकडे वाजत असल्याचं कळलं. कंपनीला याचं दुःख झालं असेल तर तिनं ते कळवलं नाही. वर्षा-दोन वर्षांत तिनं ते ऑनलाइन दुकानच बंद केलं. रीतसर गाणी घेतलेल्यांना पत्र गेलं, की यापुढे नवे परवाने मिळणार नाहीत, आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.

त्या सुमाराला बायनाबाईंच्या अंगणात वस्तीतल्या चार-पाच मुली गाणं शिकायला येत होत्या. बाई शब्द सांगत, हातानं ताल धरत, आणि मुली गात. एकदा दुसऱ्या कडव्याशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"इथी श्वास तोडू नोका."

"पन बाई," नूतन नावाची धीट मुलगी म्हणाली, "मोबाइलमंधी तुमी इथीच तोडला हाय."

"तवा मी घाबरली होती. रेकॉर्डिंगवाला काचातून डोळे वटारून पाहे." बाईंनी मांडीवर थाप मारली. "मोबाइलचं सोड. म्हन पाहू परत."