मुक्ताईला सोडलेले दाणे

चार वर्षांच्या निमीला शेंगदाणा म्हणजे विषच. घसा सुजून श्वास कोंडायचा. जामनेरहून दवाखान्यासाठी जळगावला आलं की खायचं कुठं? हॉटेलवाले हसायचे, "चिमूटभर कुटानं काय होतं, ताई?" शेवटी तिच्या आईनं, सुमनबाईनं थाप मारली, "पोरीचे दाणे मुक्ताईला सोडलेत." डॉक्टरच्या शब्दाला कुत्रं विचारत नव्हतं, देवाच्या नावावर मात्र गिरधरभाऊंच्या खानावळीत वेगळी कढई आली, वेगळं तेल आलं.

त्या दिवशी सुमनबाई हात धुऊन परतली, तर गिरधरभाऊ निमीपाशी हसत उभे. "कालच मुक्ताईनगरला जाऊन आलो. दाण्याचा लाडू भरवला पोरीला. मुक्ताईचाच प्रसाद, ताई, त्यानं कुठं व्रत मोडतं?"

सुमनबाईनं निमीचं तोंड उघडलं. लाडू संपला होता.