छबूबाईच्या घराचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. तळोद्याच्या रतिलाल सुतारानं मला रंधा मारून घडवलं. एसटीत मेकॅनिक असलेल्या नथ्थूभाऊंनी कर्ज काढून घर बांधलं, तेव्हा मी चौकटीत बसलो. पहिल्या दिवाळीत सगळ्या गल्लीनं माझ्यावरच्या कोरीव वेलीचं कौतुक केलं.

पुढे नथ्थूभाऊ अचानक वारले. त्यांची बायको छबूबाई शाळेत खिचडी शिजवते. त्या धक्क्यात तिचे हप्ते चुकले. मला तेल लावायचं राहिलं आणि माझा खालचा काठ फुगला.

एके दुपारी कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस माझ्यावर नोटीस चिकटवून गेला. मला फार लाज वाटली. शेजारीण धनुबाई म्हणाली, "फाडी टाक, नि पोरीकडे सुरतले निंघी जाय."

छबूबाईनं पाणी लावून तो कागद अख्खा सोडवला. दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी ती नंदुरबारला कोर्टात, विधी सेवेच्या कार्यालयात गेली. तिथं गायत्री वकीलबाई तिला विनामूल्य मिळाल्या. परत आल्यावर उंबऱ्यावर बसून तिनं धनुबाईला सगळं सांगितलं. नोटिशीनंतर थकबाकी भरायला साठ दिवस मिळतात. लेखी हरकत दिली की कंपनीला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आणि घराचा ताबा जबरदस्तीनं घ्यायचा तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो.

छबूबाईनं हरकत लिहून दिली, पण उत्तर आलं नाही. चाळिसाव्या दिवशी दोन माणसं थेट कुलूप घेऊनच आली. "बाई, सामान बाहेर काढा!"

छबूबाई माझ्यापुढे उभी राहिली. तिनं माझी कडी घट्ट धरली. "साठ दिन व्हयनात का? मन्ही हरकतनं उत्तर कोठे शे? दंडाधिकारीना हुकूम दखाडा, मंग लावा कुलूप!"

एकानं बाजूला जाऊन फोन लावला. मग कुलूप पिशवीत गेलं आणि मोटारसायकल निघून गेली. इतकी वर्षं मी या घराची राखण केली, पण त्या दिवशी तिनं माझी केली.

वकीलबाईंनी कंपनीला पत्र धाडलं. मुदतीच्या आत नथ्थूभाऊंची ग्रॅच्युइटी आली, थकलेले हप्ते भरले गेले आणि खातं सुरळीत झाल्याचं कंपनीनं लेखी कळवलं.

परवा शहाद्याकडची एक बाई चुरगळलेली नोटीस घेऊन रडत आली. छबूबाईनं कागद मांडीवर सपाट केला. "रडू नको, पहिले तारीख वाच."

मित्रांनो, दारांना वर्षातून एकदा तेल द्या. आणि कुणाच्या दारावर असा कागद दिसला, तर तोंड फिरवून जाऊ नका. कडी वाजवा, आत जा आणि त्या माणसाला तो वाचून दाखवा.